सतरा मीटरची तार आणि आमच्या आळीतला गतिरोधक

आमच्या आळीतून जाणारा रस्ता जेमतेम साडेपाच मीटर रुंद आहे. दापोलीच्या किनाऱ्यावरच्या इतर अनेक गावांप्रमाणे आमच्याही गावात रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे आहेत, समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीची आगरे आहेत आणि आगरे संपली की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. अंगण ओलांडून बेड्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेर, पाऊल टाकले की ते थेट डांबरावरच पडते. पायवाट, कट्टा, मोकळी कड असे मध्ये काहीच नाही. एसटी तिठ्यापर्यंतच येते, त्यामुळे आळीत मोठी वाहने क्वचित शिरतात. कधी चिऱ्याचा ट्रक, आंब्याच्या दिवसांत पेट्या नेणारा टेम्पो, आणि सुट्ट्या लागल्या की पर्यटकांच्या गाड्या. या गाड्यांवर माझी घरगुती खानावळ चालते, हे मी आधीच सांगून टाकते. समुद्रावर जाणारी माणसेच दुपारी माझ्याकडे जेवायला येतात. म्हणून मी जे लिहिते आहे ते गाड्या नकोत अशा भावनेने लिहिलेले नाही. त्या हळू याव्यात, एवढीच माझी मागणी आहे.

पूर्वी त्या हळूच येत. रस्ता खडबडीत होता, दोन ठिकाणी जांभ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, रस्त्यात पुढे आलेले होते आणि वडाच्या पाराजवळ असे वळण होते की समोरून कोण येते आहे हे पाहण्यासाठी प्रत्येकाला थांबावेच लागे. चार वर्षांपूर्वी रस्त्याचे नूतनीकरण झाले. गडगे मागे सरकले, वळण सौम्य झाले, डांबराचा गुळगुळीत थर आला आणि आम्ही सर्वांनी, मी धरून, मनापासून आनंद व्यक्त केला. त्या कामात आळीचा वेगही बदलला आहे, हे आमच्या ध्यानात यायला एक उन्हाळा जावा लागला. पार ओलांडला की माडांच्या खोडांमधून समुद्राची निळी पट्टी दिसू लागते. मुंबई-पुण्याहून सहा-सात तास गाडी चालवून आलेल्या माणसाचा पाय नेमका तेथेच ॲक्सिलरेटरवर पडतो, कारण प्रवास संपत आल्याचा आनंद त्याला झालेला असतो. नेमक्या त्याच ठिकाणी आमची सात घरे आहेत.

वेग किती असतो हे केवळ डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि भीतीमुळे तो नेहमी असतो त्याहून जास्त वाटतो. म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी आळीतल्या मुलांना घेऊन आम्ही तो मोजला. पारापासून आमच्या बेड्यापर्यंत टेप लावून ५० मीटर अंतर आखले, दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली आणि मोबाइलवर वेळ मोजू लागलो. हिशेब सोपा आहे: ५० मीटर अंतर कापायला सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, चार सेकंद लागले तर ४५ आणि तीन सेकंद लागले तर ६०. बहुतेक गाड्या चार सेकंदांच्या आसपास होत्या आणि काही तीनच्या जवळ होत्या. एक गोष्ट मात्र मला नोंदवलीच पाहिजे: साडेतीन सेकंदांत गेलेल्या दोन दुचाकी आमच्याच आळीतल्या होत्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शेजारचा दहा वर्षांचा मुलगा सायकलवरून बेड्याबाहेर आला आणि एका गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर आदळला. मांडीचे हाड मोडले. तो आता बरा आहे, धावतोही. पण तीन महिने तो खाटेवर होता आणि त्याच्या आईचा त्या काळातला चेहरा मी विसरणार नाही. गाडी चालवणारा प्यायलेला नव्हता. तो पळून गेला नाही. त्यानेच मुलाला उचलून गाडीत घातले आणि दवाखान्यात पोहोचवले. चाळिशीतला, स्वतःची दोन मुले मागच्या आसनावर बसवून आलेला साधा माणूस होता तो. ब्रेक त्याने लावला होता, पण गाडी थांबण्याइतके अंतरच उरले नव्हते.

हे अंतर समजून घेण्यासारखे आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, असे धरले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी त्या एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. ताशी ३० किलोमीटरची गाडी कोरड्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरात, विचाराचा तो सेकंद आणि ब्रेकची ओढ धरून, पूर्ण थांबलेली असते. म्हणजे जेथे हळू गाडी उभी राहते, तेथे वेगवान गाडीचा ब्रेक जेमतेम लागू लागलेला असतो. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ५० च्या वेगाची धडक ३० च्या धडकेपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जोराची असते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे रस्ता सुरक्षेवर जी जागतिक परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात अशा भागांत वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे म्हटले आहे. आमच्या आळीत पादचारी आणि वाहने एकत्र वावरत नाहीत असा एक हातही रस्ता नाही.

अपघातानंतर आळी संतापलेली होती आणि आम्ही सर्वांनी एकमुखाने गतिरोधक मागितला. कसा हवा, हे कोणीच सांगितले नाही, कारण ते सांगायचे असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. आठवड्याभरात एका संध्याकाळी गरम डांबर-खडीचा एक टेम्पो आला, दोन माणसांनी फावड्याने रस्त्यावर आडवा ढीग ओढला, वर हातरोलर फिरवला आणि अंधार पडायच्या आत ते निघून गेले. फलक नाही, रंग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सुतारांनी पाणसळ ठेवून त्याचे माप घेतले: उंची १७ सेंटिमीटर आणि पायथ्याची रुंदी जेमतेम अर्धा मीटर. रस्त्यात भिंतीचा पहिला थर घातल्यासारखे ते दिसत होते.

त्या उंचवट्याने पुढच्या आठ महिन्यांत जे केले त्याची जबाबदारी आमच्याही माथी आहे, म्हणून ते सविस्तर सांगते. हर्णै बंदरावरून मासळी घेऊन येणाऱ्या मावशी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून येतात, मांडीवर टोपली आणि पायांशी बर्फाचा डबा. एका पहाटे स्कूटरचे पुढचे चाक उंचवट्यावर चढून उतरले, मागचे चाक उसळले आणि मावशी टोपलीसकट रस्त्यावर पडल्या. मनगट मुरगळले, गुडघा फुटला. मी धावत गेले तेव्हा त्या विखुरलेले बांगडे गोळा करत होत्या आणि मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “आधी तो दगड काढा गो रस्त्यातला.” त्या त्याला दगडच समजत होत्या, इतके ते डांबराला डांबर लागून अंधारात नाहीसे झालेले होते.

मग शिमगा आला. रात्री ग्रामदेवतेची पालखी आळीत आली, खांद्यावर पालखी घेतलेले सगळे अनवाणी, ढोलाच्या ठेक्यावर पुढे-मागे होत होते. पुढच्या दोघांपैकी एकाची बोटे त्या काठावर आपटली आणि पालखी एका बाजूला कलली. मागच्यांनी सावरली. पालखी खाली आली नाही. पण आळीतली म्हातारी माणसे त्यानंतर बराच वेळ बोलली नाहीत. ज्यांना तोपर्यंत गतिरोधकाचे काही सोयरसुतक नव्हते, तेही त्या रात्रीपासून त्याच्या विरोधात गेले.

जूनमध्ये पावसाने उरलेले काम केले. आमचा रस्ता पाराकडून समुद्राकडे किंचित उतरता आहे. पावसाचे पाणी वरून खाली वाहत येते आणि चिरेबंदी गटारातून व्हाळाला मिळते. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा रस्ता हाही चार महिने पाण्याची वाटच असतो, हे रस्त्याचे काम करणाऱ्या कोणीही विसरता कामा नये. गटारापर्यंत ओढलेल्या त्या ढिगाने बांध घातला, पाणी तुंबले आणि खालच्या अंगाच्या एका घराच्या अंगणात शिरून पडवीपर्यंत आले. डांबराखाली पाणी मुरल्यामुळे उंचवट्याच्या वरच्या बाजूला दोन खड्डेही पडले.

आणि एवढे होऊन मोठ्या गाड्यांचा वेग कमी झाला का? मुलांनी पुन्हा वेळ मोजली. ज्यांना उंचवटा ठाऊक होता ते त्याच्यापाशी जवळजवळ थांबत आणि लगेच वेग घेत. ज्यांना ठाऊक नव्हता ते धाडकन आदळून पुढे जात. मोठ्या चाकांच्या उंच गाड्या तर फारसे न बिचकता जात. अरुंद उंचवटा वेगाने ओलांडला की चाक वर जाते आणि स्प्रिंग तो धक्का गिळून टाकते. गाडीचा सांगाडा हलण्याआधीच उंचवटा मागे पडलेला असतो. जी माणसे हळू जातात, रिक्षातला पाठीचा रुग्ण, स्कूटरवरची मावशी, गरोदर बाई, त्यांनाच तो पुरा बसतो.

ही गोष्ट मला नीट समजली ती इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे. माझ्या भाच्याने ती मिळवून दिली. तो स्थापत्य शाखेत शिकतो. आयआरसी ९९ या क्रमांकाची ही तत्त्वे १९८८ साली प्रथम निघाली आणि २०१८ साली अधिक व्यापक स्वरूपात पुन्हा आली. १९८८ च्या तत्त्वांत गतिरोधकाचे माप स्पष्ट आहे: प्रवासाच्या दिशेने लांबी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर आणि पाठीचा आकार १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस. असा गतिरोधक ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता येतो. हे माप मुळात ब्रिटनमधल्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी केलेल्या आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतले आहे. त्यामागचा विचार असा की उंचवटा गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा लांब असावा. मग गाडी सबंध त्याच्यावर चढते, सांगाड्यालाही वर-खाली व्हावे लागते, आणि वेग जसजसा वाढेल तसतशी आतल्या माणसाची अस्वस्थता वाढत जाते. योग्य वेगाने जाणाऱ्याला तो पाळण्याच्या हेलकाव्यासारखा वाटतो. याच्याही आधी, १९५३ साली, अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कुलपती असलेल्या आर्थर कॉम्प्टन यांनी विद्यापीठाच्या आवारातल्या गाड्यांसाठी असे उंचवटे आखले होते. १९२७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या माणसाला ज्या वस्तूच्या आकाराचा विचार करावासा वाटला, ती आम्ही फावड्याच्या अंदाजावर सोडली होती.

गणेशोत्सवाच्या आधी जुना उंचवटा उखडला गेला. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी नव्या गतिरोधकाचा विषय मांडला, मापांसह. विरोध होईल असे वाटले होते आणि तो झाला, पण मापांना झाला नाही. प्रश्न जागेचा होता. गतिरोधक सर्वांना हवा होता आणि आपल्या बेड्यासमोर कोणालाच नको होता. त्यांचे कारण खोटे नव्हते: रिकामा ट्रक उंचवट्यावरून गेला की फाळके खडखडतात, ब्रेक करकरतात, पुन्हा गिअर टाकताना इंजिन गुरगुरते आणि हे सगळे रात्री उशाशी ऐकू येते. शेवटी एक आमच्या बेड्यासमोर घ्यावा असे मी सांगितले. दुसरा तिथून ११० मीटरवर, देवळाच्या बाजूला, जेथे समोरासमोर घर नाही. दोन हवेतच, हा माझा आग्रह होता. एकट्या गतिरोधकाचा परिणाम त्याच्या आजूबाजूच्या थोड्या अंतरापुरताच असतो आणि पुढे गाडी लगेच मूळ वेगावर येते. म्हणूनच तत्त्वांत दोघांमधले अंतर १०० ते १२० मीटर ठेवायला सांगितले आहे.

कामावरचे मुकादम सज्जन होते, पण १७ मीटर त्रिज्येचा कंस रस्त्यावर कसा उतरवायचा, असे त्यांनी विचारले आणि तो प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पुळणीवर सापडले. एका सकाळी ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू उघडी पडली, तेव्हा सुतार, भाचा, आळीतली पाच-सहा मुले आणि मी तेथे गेलो. एक खुंटी ठोकली. दोरी नायलॉनची घेतली असती तर ताणाने लांबली असती, म्हणून सुतारांनी तार आणली, पोलादी टेपने १७ मीटर मोजून तिच्या टोकाला खिळा बांधला आणि तार ताठ धरून चालत वाळूवर रेघ ओढली. डोळ्यांना ती रेघ जवळजवळ सरळच दिसत होती. तिच्यावर ३.७ मीटरची सरळ दोरी टोकाला टोक लावून धरली, तेव्हा मधोमध कंस आणि दोरी यांच्यामधले अंतर बरोबर १० सेंटिमीटर भरले. मुले ओरडलीच. पुस्तकातले तीन आकडे एकमेकांशी जुळतात हे त्यांनी स्वतःच्या पट्टीने पाहिले.

आता हा कंस रस्त्यावर नेण्यासाठी त्याच आकाराचा फर्मा, म्हणजे साचा, कापायचा होता. सुतार त्यासाठी प्लायचे दोन तुकडे जोडण्याच्या विचारात होते, कारण आठ फुटी प्लाय अडीच मीटरही भरत नाही. मग थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “वहिनी, अर्धाच कापू. मध्यापासून दोन्हीकडे सारखाच उतार आहे ना? उलटा धरला की दुसरी बाजू होईल.” पावणेदोन मीटरहून थोडा लांब, १.८५ मीटरचा फर्मा त्यांनी कापला. त्याची उंची मध्यावर १० सेंटिमीटर, अर्ध्या मीटरवर सुमारे ९.३, एका मीटरवर ७, दीड मीटरवर ३.४ आणि टोकाला शून्य. हे आकडे त्यांनी पेन्सिलने फर्म्यावरच लिहून ठेवले आहेत. डांबर गरम असताना मुकादमांची माणसे दर हातभर अंतरावर फर्मा धरत, जेथे उजेड दिसे तेथे माल टाकत आणि जेथे फर्मा टेके तेथे खरवडत. पहिल्या गतिरोधकाला तीन तास लागले आणि दुसऱ्याला दीड.

पाण्यासाठी गटाराला हात न लावता त्याच्यावर फरशी टाकली आणि गतिरोधक फरशीच्या कडेपर्यंत नेला. कडेला फट सोडली असती तर पाणी गेले असते हे खरे, पण मग दुचाकीही त्याच फटीतून, म्हणजे बेड्यांना घासून, गेल्या असत्या. वरच्या बाजूला गटाराला एक जादा तोंड दिले. पांढरे पट्टे रात्री चमकणाऱ्या रंगाचे मारले आणि ४० मीटर आधी दोन्ही बाजूंना सूचनाफलक लावले. पिवळे-काळे रबरी पट्टे आणून बोल्टने ठोकावेत, एका दिवसात काम होईल, असे एकाने सुचवले होते. ते मी मान्य केले नाही. आमच्याकडच्या दोन पावसांत रबर निघून जाते आणि बोल्टची डोकी रस्त्यात उभी राहतात, हे तालुक्याच्या गावी मी पाहिले आहे.

आता एक मेचा हंगाम आणि एक पावसाळा होऊन गेला. आमच्या बेड्यासमोर गाड्या सहा ते सात सेकंदांत ५० मीटर जातात. दोन गतिरोधकांच्या मधल्या भागात काही जण अजूनही वेग घेतात, पण पूर्वीइतका नाही. अंगणात पाणी आले नाही. रात्रीचा आवाज आहे. त्याची मला सवय झालेली नाही आणि होईल असे वाटतही नाही. तरीही मी तो सोसते, कारण संध्याकाळी शेजारचा तोच मुलगा त्याच बेड्यातून सायकल काढतो, तेव्हा त्याची आई आता दारापर्यंत धावत येत नाही.

माझे मत विचाराल तर गडगे मागे सरकवलेच नसते आणि पाराचे वळण तसेच ठेवले असते, तर या गतिरोधकांची गरजच पडली नसती. रस्त्याचे रूपच चालकाला किती वेगाने जायचे ते सांगत असते. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस वस्तीतले रस्ते मुद्दाम वळणांचे, झाडे आणि कठडे मध्ये घेणारे केले गेले आणि १९७६ साली अशा रस्त्यांना तेथे कायद्याची मान्यता मिळाली. आमच्या आजोबांच्या पिढीने बांधलेली आळी काहीशी तशीच होती. पुढच्या आळीचे काम येत्या हिवाळ्यात निघणार आहे. तेथला चिरेबंदी गडगा तोडू नये, असा अर्ज आम्ही सतरा घरांच्या सह्यांनी दिला आहे आणि त्याची पोच माझ्याजवळ आहे. सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास रस्त्याची आखणी आणि बांधणी करणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे, हेही त्या अर्जात नम्रपणे लिहिले आहे.

फर्मा आमच्या पडवीत आढ्याला टांगलेला असतो. गेल्या आठवड्यात खाडीपलीकडच्या गावातले दोघे तो न्यायला आले होते. त्यांना तो दिला, पण त्यांच्या रस्त्यावरून एसटी जाते, म्हणून जसाच्या तसा वापरू नका असे सांगितले. बस आणि ट्रक जातात तेथे दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचा, वीसास एक असा सौम्य चढ जोडायचा असतो आणि तो कोठून सुरू होईल हे अभियंत्याकडून रस्त्यावर आखून घ्यायचे असते. फर्मा त्यांनी पावसाआधी परत आणून द्यायचा आहे, कारण देवळाजवळच्या गतिरोधकाची वरची कड थोडी दबली आहे आणि ती आम्हांला मे महिन्यातच भरून घ्यायची आहे.